ताईंच्या नावानं

शिवणाच्या मशीनचे मिस्त्री म्हणून त्यांचं नाव होतं ते त्यांच्या हातामुळे. तोंडावर भिस्त ठेवली असती तर दुकानाला केव्हाच कुलूप लागलं असतं. हात असा, की माळ्यावर गंजून पडलेलं मशीन सकाळी त्यांच्यापुढे ठेवावं आणि संध्याकाळी त्यानं मलमलीवर सरळ टाका घालावा. तोंड असं, की मशीन घेऊन येणाऱ्याला पहिल्याच वाक्यात कळून चुकावं, बिघाड मशीनमध्ये नाही, आपल्यात आहे. ‘तेल कधी घातलं होतं? जन्मात एकदा तरी?’ हा त्यांचा नमस्कार. ‘उद्या न्या’ हा निरोप. मधे जे काही बोलायचं ते ते मशीनशी बोलायचे, आणि तेही फारसं गोड नसायचं.

असा माणूस धंद्यात टिकतो कसा, हा प्रश्न कुणालाही पडावा. त्याचं उत्तर जिन्याच्या वर बसलेलं असायचं.

खाली कारखाना, वर घर आणि मधे अरुंद लाकडी जिना. जिन्याच्या तोंडाशी एक टेबल मावेल एवढीच जागा होती. तिथे कॉम्प्युटर, एक गादीची खुर्ची आणि खुर्चीत मिस्त्रींची बायको. गिऱ्हाईक तिला ताई म्हणायचं. गिऱ्हाईक बहुतेक परगावचं. जुन्या मशीनचे सुटे भाग आता कुणी करत नाही, मिस्त्री लेथवर बसून करायचे. त्यामुळे शिवणशाळा, इस्पितळांसाठी चादरी शिवणारे, तंबूवाले, चामड्याच्या पिशव्या करणारे, सगळे मेल पाठवायचे. मशीनचे फोटो काढून पाठवायचे, दुखणं लिहायचे आणि उत्तराची वाट बघायचे.

उत्तर द्यायची या घराची रीत ठरलेली होती. ताई आलेला मेल जिन्यातून खाली मोठ्यानं वाचून दाखवायची. मिस्त्री मान वर न करता खालून उत्तर ओरडायचे. ती ते लिहून पाठवायची.

‘अहो, तंबूवाले विचारताहेत, सुई नवीन घातली तरी टाका सुटतोय.’

‘उलटी बसवली असेल गाढवानं!’

मग वर कळफलक वाजायचा. बराच वेळ वाजायचा. मिस्त्री म्हणायचे, एवढ्याशा उत्तराला एवढा वेळ कशाला लागतो? ती म्हणायची, पत्ता लिहिते आहे. मेलला पत्ता किती मोठा असतो हे मिस्त्रींना ठाऊक नव्हतं, आणि जे यंत्र तेल खात नाही त्याच्याकडे ते ढुंकूनही बघत नसत. त्यांची पक्की समजूत अशी, की आपण ओरडतो तेच ती लिहिते. इतकी वर्षं लोक आपलं ऐकतात, भांडत नाहीत, उलट आभार मानतात, म्हणजे लोकांना खरं बोलणारा माणूस आवडतो, असा त्यांनी सोयीचा अर्थ काढला होता.

एका सकाळी ती अशीच वाचत होती. कुणा पिशव्यावाल्याचं मशीन धागा कुरतडत होतं. ‘खालचं शटल बदललं, तरीसुद्धा,’ एवढं वाचून ती थांबली. मिस्त्री खाली कानस घासत वाक्य पुरं व्हायची वाट बघत राहिले. ‘पुढे?’ ते ओरडले. पुन्हा ओरडले, या वेळी जरा वैतागून. मग कानस खाली ठेवून जिना चढले. ती खुर्चीतच होती, उजवीकडे कलंडलेली, आणि त्यांच्याकडे बघून काहीतरी सांगायचा जिवापाड प्रयत्न करत होती. तोंडातून शब्द म्हणून जे येत होतं त्यात एकही शब्द नव्हता.

इस्पितळातून ती घरी आली ती उजवा हात आणि बोलणं तिथेच ठेवून. ऐकलेलं तिला कळायचं. अक्षरंही ओळखू यायची, वर्तमानपत्राचा मथळा समोर धरला तर नजर त्यावरून फिरायची. पण आतलं बाहेर येत नव्हतं, तोंडानं नाही आणि हातानंही नाही. डाव्या हातात पेन दिलं तर ती कागदावर एक रेघ ओढायची आणि पेन बाजूला ठेवायची. डॉक्टर पहिल्यांदा म्हणाले, वाट बघू. मिस्त्रींनी ते दोन शब्द दोन्ही हातांनी पकडले. पुढे पुढे डॉक्टरांचे शब्द बदलले, त्यात ‘स्वीकारायला हवं’ वगैरे येऊ लागलं. मिस्त्रींनी ते ऐकून घेतलं आणि पहिल्याच दोन शब्दांवर कायम राहिले.

काम सुरू झालं, पण कारखाना त्यांना खायला उठायचा. लेथ थांबवला की वरून काही येतं का म्हणून ते कान लावून उभे राहायचे. इतकी वर्षं तिच्या हाकांवर ते खेकसले होते, ‘आता काय?’ म्हणून. आता कुणी वरून नुसतं ‘अहो’ म्हटलं असतं तर त्यांनी हातातलं मशीन टाकून जिना गाठला असता. मोठ्या आवाजाची सवय सुटली होती. ओरडायचं कुणाला? वर जाऊन तिच्याजवळ बसलं की ते हळू बोलायचे, इतकं हळू की लग्नाच्या पहिल्या वर्षातही ते तसे बोलले नव्हते.

त्यांची लेक परगावी नोकरी करायची. ती आठवडाभर राहायला आली आणि तिनं बापाला मेल लिहायला शिकवलं. इथे दाबायचं, इथे लिहायचं, इथून पाठवायचं. दोन बोटांनी का होईना, मिस्त्रींना जमायला लागलं. प्रत्येक मेलखाली ताईची सही आपोआप यायची. ताईनंच ती कधीकाळी करून ठेवली होती: ‘आपल्या मशीनला आणि आपल्या माणसांना आमचा नमस्कार. काही अडचण असल्यास निःसंकोच लिहावं. आपली स्नेहांकित,’ आणि खाली तिचं नाव.

‘बाबा, हे बदलून तुमचं नाव घालू का?’ लेकीनं विचारलं.

‘राहू दे,’ मिस्त्री म्हणाले. ‘ती बरी झाली की पुन्हा कोण घालत बसणार?’

लेक काहीतरी बोलणार होती, पण बापाचा चेहरा बघून तिनं ते गिळलं. तिच्या गाडीची वेळही झाली होती.

आणि मग मिस्त्री लिहू लागले. लिहू लागले म्हणजे काय, आजवर जे ओरडत होते ते टाइप करू लागले. विषयाची चौकट वर दिसते म्हणून सगळं उत्तर तिथेच कोंबायचं आणि खालचा भाग कोरा सोडायचा, ही त्यांची पद्धत. नमस्कार-चमत्कार काही नाही. ‘नाही होणार.’ ‘आधी तेल घाला मग विचारा.’ ‘फोटो कामाचा नाही.’ ‘चार वेळा तेच विचारू नका.’ एका चादरीवाल्यानं दोन पानं भरून आपल्या मशीनची कहाणी लिहिली होती, त्याला उत्तर गेलं: ‘वाचायला वेळ नाही. आवाज कुठून येतो तेवढं सांगा.’ आणि या प्रत्येक फटकाऱ्याखाली तिची सही. आपल्या माणसांना आमचा नमस्कार, निःसंकोच लिहावं, आपली स्नेहांकित. ज्याला आधी शिवी बसली त्याला खालचा नमस्कार टोमण्यासारखा लागायचा. मिस्त्रींना याची गंधवार्ता नव्हती. त्यांना फक्त एवढं कळायचं, की मेल गेला की खाली तिचं नाव उमटतं. त्यांना ते बघायला आवडायचं. ती टेबलाशी आहे असं क्षणभर वाटायचं.

कळस झाला तो शिवणशाळेच्या मेलला. ती मोठी शाळा, आणि तिच्या मुख्य बाई ताईच्या जुन्या ओळखीच्या, म्हणजे मेलच्या ओळखीच्या, एकमेकींना पाहिलेलं नाही. त्यांनी लिहिलं होतं, की आमच्याकडची काही मशीनं वरचेवर अडकतात, तर ती ठेवावीत की काढावीत, ताई, तुमच्या मिस्त्रींना विचारून सांगाल का? हाच प्रश्न आणखी काही शाळांना पडला होता म्हणून तो मेल त्यांनाही गेला होता. मिस्त्रींनी विचार केला, प्रश्न सगळ्यांना गेला तर उत्तरही सगळ्यांना गेलं पाहिजे, आणि त्यांनी तसं बटणही बरोबर शोधून काढलं. उत्तर होतं: ‘मशीन चांगलं आहे. बसणारे वाईट आहेत. शिकवणाऱ्यांनी आधी शिकून घ्यावं.’ खाली: काही अडचण असल्यास निःसंकोच लिहावं.

कुणीही निःसंकोच लिहिलं नाही. कुणी लिहिलंच नाही.

पहिल्यांदा मिस्त्रींना बरं वाटलं. लोक शहाणे झाले, उगाच छळत नाहीत. मग कारखान्यातली मागची फळी रिकामी झाली, जिथे परगावहून आलेली मशीनं पाळी लावून बसायची. मग मधली. पार्सलवाला रोज यायचा तो अधूनमधून येऊ लागला. मिस्त्रींनी स्वतःला समजावलं, की जुनी मशीनं संपली असतील, हल्ली कोण दुरुस्त करतं, नवंच आणतात. हे समजावणं त्यांना स्वतःलाही फारसं पटत नव्हतं, पण दुसरं काही सुचत नव्हतं.

एका दुपारी कारखान्याच्या दारात एक वयस्क बाई उभ्या राहिल्या. अंगावर नीट इस्त्रीचे कपडे, हातात पिशवी, गळ्यात चष्म्याची दोरी. शिवणशाळेच्या मुख्य बाई. या बाजूला काम होतं म्हणून आले, म्हणाल्या. ते खरं नव्हतं, हे मिस्त्रींनाही कळलं. त्यांनी स्टूल पुसून दिलं. बाई बसल्या आणि बराच वेळ जिन्याकडे बघत राहिल्या.

‘ताई वर आहेत का?’ त्यांनी विचारलं. ‘मला त्यांना एकदा समोरासमोर विचारायचं होतं. आमचं काही चुकलं का?’

‘कशाचं चुकलं?’

बाई अवघडल्या. मिस्त्रींशी हे बोलावं की नाही असं त्यांना झालं असावं. मग त्यांनी सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. ताईंचं पत्र आलं की आम्ही वर्गात वाचून दाखवायचो, म्हणाल्या. मशीनशी कसं वागायचं आणि माणसाशी कसं बोलायचं, दोन्ही एकदम शिकवता यायचं. आणि आता हे असं. पहिल्यांदा वाटलं, काहीतरी चिडचिड असेल, घरात अडचण असेल. पण प्रत्येकालाच तसं. सगळ्या शाळांसमोर तसं. तंबूवाले, चादरीवाले, सगळे एकमेकांना ओळखतात, बोलणं होतंच.

‘आता लोक काय म्हणतात सांगू, मिस्त्री? राग मानू नका. म्हणतात, मिस्त्री सोन्यासारखा माणूस आहे हो, पण त्या बाईच्या डोक्यात हवा गेली. तिच्या तोंडी कोण लागणार?’

मिस्त्रींच्या हातात स्क्रू होता. तो त्यांनी खाली ठेवायला हवा होता, पण ते तो नुसता फिरवत राहिले. उभ्या आयुष्यात कुणी त्यांना सोन्यासारखा म्हटलं नव्हतं. फटकळ म्हणा, खडूस म्हणा, त्यांना सगळं ठाऊक होतं आणि सगळं मान्य होतं. पण तिला? गिऱ्हाइकाशीच काय, दारात आलेल्या मांजराशीही जी कधी वाकडं बोलली नाही, तिच्या नावाला बट्टा लागला होता, आणि तो लावणारा हात त्यांचाच होता. ती वर त्या खोलीत खिडकीपाशी बसली होती. आपल्या नावानं बाहेर काय चाललं आहे हे तिला माहीत नव्हतं, आणि असतं तरी एका शब्दानं खोडून काढता आलं नसतं.

त्या क्षणी त्यांनी खरं सांगायला हवं होतं. तोंड उघडलं, आणि तोंडातून आलं ते असं: ‘कामात असते ती. सांगतो तिला.’

बाईंनी मान हलवली, पिशवी उचलली आणि नमस्कार करून निघून गेल्या. आयुष्यभर ज्या जिभेनं कुणाचीही भीड ठेवली नाही ती नेमकी गरजेच्या वेळी लुळी पडली. कारण खरं सांगायचं म्हणजे तिच्याबद्दलचं एकच वाक्य सांगायचं होतं, आणि ते वाक्य मिस्त्रींनी अजून स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

बाई गेल्यावर ते वर गेले. ती झोपली होती. त्यांनी कॉम्प्युटर उघडला आणि लेकीनं दाखवलं होतं तसं पाठवलेले जुने मेल बघायला लागले, तिच्या काळातले. वर्गात वाचून दाखवण्यासारखं ती काय लिहायची, हे बघावं म्हणून.

तंबूवाल्यांचा मेल सापडला. सुई उलटी बसवणाऱ्या गाढवाचा. त्यात लिहिलं होतं: ‘नमस्कार. तुम्ही फोटो इतके नीट काढलेत की आमच्या मिस्त्रींना ते बघूनच अर्धं दुखणं कळलं. सुई किंचित फिरून बसली असावी असं ते म्हणतात. घाईत माझ्याही हातून होतं तसं. सुईवरची लांब खाच धागा येतो त्या बाजूला आहे ना, एवढं बघाल? नसेल तर मिस्त्री म्हणाले आहेत, काळजी करू नका, मशीन पाठवून द्या, ते स्वतः बघतील.’

मिस्त्री असं काही म्हणाले नव्हते. त्यांनी पुढचा उघडला. कुणा मुलीनं आपल्या आईचं मशीन दुरुस्तीला पाठवलं होतं. मिस्त्रींना ते आठवलं. उघडलं, बघितलं, आणि खालून ओरडले होते, भंगारात घाला म्हणावं, वेळ फुकट गेला. तिनं लिहिलं होतं: ‘आमचे मिस्त्री तुमच्या आईच्या मशीनपाशी बराच वेळ बसून होते. ते म्हणाले, यानं आपलं काम पुरं केलं आहे, आता त्याला शिवायला लावू नये. पण घरात ठेवा आणि कधीतरी तेलाचं बोट फिरवा. मिस्त्री कमी बोलतात, पण हे परत पाठवताना त्यांना वाईट वाटलं, हे मला दिसलं.’

असे शेकड्यांनी मेल. प्रत्येकात एक मिस्त्री होता. समजूतदार, मिस्कील, दुसऱ्याच्या मशीनसाठी जीव टाकणारा, कुणाला न दुखवता चूक सांगणारा. लोक त्याची चौकशी करायचे, त्याला नमस्कार सांगायचे, त्याच्या तब्येतीला जपा म्हणायचे. मिस्त्रींनी त्या माणसाला कधी पाहिलं नव्हतं. त्यांना त्याचा चक्क हेवा वाटला. ती इतकी वर्षं वर बसून या माणसाबरोबर काम करत होती, आणि खाली हे असे. एखाद्या दिवशी जिना चढून जाऊन ‘बघू, काय लिहिलंस’ एवढं जरी म्हटलं असतं तरी तिनं वाचून दाखवलं असतं, तिच्या आवाजात. आता तो आवाज कुठून आणायचा? त्यांना तिच्या आवाजाची फार ओढ लागली.

त्यांनी लेकीला फोन लावला. सगळं सांगितलं, शाळेच्या बाईंचं, जुन्या मेलचं.

‘मला वाटायचं तुम्हाला माहीत आहे,’ लेक म्हणाली. ‘आई तर म्हणायची, तुझे बाबा बोलतात एक आणि त्यांच्या मनात असतं दुसरं, मी फक्त मनातलं लिहिते.’



लेकीनं मग उपाय सांगितला, आणि तो साधाच होता. सगळ्यांना एक मेल लिहायचा, स्वतःच्या नावानं. हे शब्द माझे होते, तिचे नव्हते. आणि ती आता लिहू शकत नाही, यापुढे लिहिणार नाही, हेही लिहायचं. ‘बाबा, ते लिहिल्याशिवाय लोकांना खरं वाटायचं नाही,’ ती म्हणाली. मिस्त्री म्हणाले, माफी मागतो, पण ते दुसरं कशाला? लेकीनं ताणून धरलं नाही.

माफी मागणंही त्यांना सोपं नव्हतं. पहिला खर्डा असा: ‘मेल मी लिहिले. ताईंनी नाही. संपलं.’ हा त्यांनी स्वतःच वाचला आणि खोडला. मग रोज दुपारी लेथ बंद करून ते वर येऊन बसायचे, तिचे जुने मेल वाचायचे, आणि तिच्यासारखं एक वाक्य तरी जमतं का बघायचे. तिनं ‘बघाल का’ लिहिलं असतं तिथे त्यांचं ‘बघा’ यायचं. ते खोडायचे, पुन्हा लिहायचे. लोखंडाशी आयुष्य घालवलेल्या माणसाला शब्द फार निसरडे लागतात. पण हळूहळू मजकूर जमला. एका सकाळी त्यांनी तिची खुर्ची ढकलत टेबलापाशी आणली. त्या दिवसानंतर ती पहिल्यांदाच तिथे बसत होती. तिनं टेबलाच्या कडेवरून डावा हात फिरवला, धूळ आहे का बघावं तसा. धूळ होती. मिस्त्री ओशाळले.

‘एक लिहिलंय,’ ते म्हणाले. ‘वाचतो. तू सांग, कसं झालंय.’ सांग म्हटल्यावर त्यांनी जीभ चावली. पण ती ऐकायला सरसावून बसली होती.

त्यांनी वाचायला सुरुवात केली. ‘नमस्कार. मी मिस्त्री. गेले काही महिने आमच्याकडून तुम्हाला जी उत्तरं आली ती ताईंनी लिहिलेली नव्हती. ती मी लिहिली. खाली नाव तिचं राहिलं, कारण ते काढायला माझा हात होत नव्हता. ज्या शब्दांनी तुम्हाला दुखवलं ते सगळे माझे. ज्या शब्दांमुळे तुम्ही इतकी वर्षं आमच्याकडे आलात ते तिचे होते. मी खालून काय ओरडायचो हे तिनं तुम्हाला कधी कळू दिलं नाही, आणि ती काय लिहायची हे मी कधी विचारलं नाही. तुम्हाला राग धरायचा असेल तर माझा धरा. तिचं नाव कृपा करून त्यातून वगळा.’

इथे त्यांनी वर बघितलं. ती पडद्याकडे बघत होती, त्यांच्याकडे नाही. त्यांनी शेवटची ओळ वाचली.

‘ती आजारी आहे. बोलता येत नाही, उजवा हात चालत नाही. बरी झाली की पुन्हा तीच तुम्हाला लिहील.’

तिनं डावा हात उचलला आणि कळफलकाकडे नेला.

मिस्त्रींचे डोळे लकाकले. ती लिहिणार. इतके महिने वाट बघितली, डॉक्टरांना खोटं ठरवलं, लेकीला गप्प केलं, ते सगळं याच क्षणासाठी होतं असं त्यांना वाटलं. एक शब्द लिहू दे, वाटेल तो, त्यांना चालला असता. तिचं बोट कळांवरून सावकाश फिरलं. अक्षरांवर ते कुठेच थांबलं नाही. कोपऱ्यातली कळ सापडली तसं तिनं ते टेकवलं आणि दाबलं.

पूर्णविराम गेला. मग ‘लिहील’ गेलं. ‘तुम्हाला’ गेलं. ‘तीच’ गेलं. ‘पुन्हा’ गेलं. बोट मधेच घसरायचं, ती पुन्हा आणून ठेवायची. मिस्त्री तिचा हात धरू शकले असते. त्यांनी धरला नाही. ‘बरी झाली की’ हे शब्दही एकेका अक्षरानं मागे जात संपले, आणि ‘उजवा हात चालत नाही’ या वाक्याच्या पूर्णविरामाशी ती नेमकी थांबली. तो तिनं राहू दिला. मग तिनं त्यांच्याकडे बघितलं. त्यांनी आजवर ओरडून सांगितलेल्या प्रत्येक उत्तरातलं जे नको ते ती अशीच काढून टाकत असणार, फक्त हे त्यांनी कधी समोर बसून बघितलं नव्हतं.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, लेकीनं सांगितलं होतं, आणि दोघांचंही त्यांनी ऐकलं नव्हतं. तिनं सांगितल्यावर पर्याय नव्हता. ते रडले, तिच्यासमोर, तिचा चालत नसलेला हात मांडीवर घेऊन, आणि तिनं चालणारा हात त्यांच्या पाठीवर ठेवला.

बऱ्याच वेळानं त्यांनी डोळे पुसले, दोन बोटं कळफलकावर ठेवली आणि लिहिलं, ‘ती आता लिहिणार नाही. यापुढे मी लिहीन. जमेल तसं, पण नीट लिहीन.’ ते त्यांनी तिला वाचून दाखवलं. तिनं मान हलवली. मग त्यांनी खालचं तिचं नाव काढलं, तिथे आपलं घातलं आणि ती बघत असताना मेल पाठवला.